ड्रायव्हर साइड

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज अमेरिकेहून दोन खोकी आली आणि सासऱ्यांनी त्यांना हळदकुंकू वाहायला लावलं. मी या घरात राहायला आलो तेव्हा बॅग कुठे ठेवू, हे मला स्वतः विचारावं लागलं होतं.

मी घरजावई आहे. हा शब्द तोंडातून काढत नाही, म्हणून इथे एकदाचा लिहून टाकतो. मेहुणा रणजीत जर्मनीला गेला, चिखलीत मामा-मामी दोघंच उरले, तेव्हा माझी बायको सायली म्हणाली, "सहा महिने जाऊ या, त्यांना सवय होईपर्यंत." त्याला आता चार वर्षं झाली. सवय कुणाला झाली देव जाणे, मला तर नाही. रावेतचा आमचा फ्लॅट तयार होऊन रिकामा पडलाय. किल्ली माझ्या खिशात असते आणि कंपनीच्या बसमध्ये मी ती उगाच चाचपत बसतो.

अडलंय सगळं ट्रकवर. मामांची, म्हणजे सासरे यशवंतराव यांची, जुनी नाकाची फार्गो. या ट्रकने त्यांनी मोशीच्या खाणीतला दगड वाहिला, आणि भोसरीतल्या निम्म्या कारखान्यांच्या पायात तोच दगड आहे असं ते आल्यागेल्याला सांगतात. याच ट्रकात बसून मामी खेडहून नवरी म्हणून आल्या. आता मामांना त्याला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवेत, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसकट (आजची खोकी त्याच सामानाची), आणि स्वतः चालवत मामींना एकदा माहेरी न्यायचंय. दिवाळीत मी रावेतचा विषय काढला तर म्हणाले, "जावा की पाव्हणं. म्या कुठं आडवतोय? ट्रक तेवढा हलक्या ब्रेकचा करून द्या. पायाचं बोट टेकलं की थांबला पायजे. मग तुमी मोकळं."

पाव्हणं! रोज एका पंगतीत जेवतो, यांच्या पाण्याच्या टाकीवर चढून कॉक बदलतो, वीजबिल भरतो, आणि हाक मात्र पाव्हणं.

यात माझाही हात आहे, तो लपवून काय करू. मी चाकणला ब्रेकच्या कंपनीत आहे म्हणून लग्नातच या लोकांनी मला "ब्रेकवालं पाव्हणं" करून टाकलं. मी डिस्पॅचला आहे. कुठल्या गाडीत किती माल चढला ते बघतो. डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, पण तो हातात पडल्यापासून पाना हातात धरलेला नाही. मामांनी विचारलं, "जमंल का वो?" मी म्हणालो, "त्यात काय आहे?" हे तीन शब्द मला भोवणार.

१६ जानेवारी, गुरुवार

गुरुवार आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांचा सुट्टीचा वार. लोक झोपतात, मी ट्रकखाली शिरतो.

मदतीला सोनबा मिस्त्री आहे, मूळचा परभणीचा. मी उदगीरचा, त्यामुळे त्याला माझ्याबद्दल माया. मी काहीही बोललो तरी तो "बराबर हाय साहेब" म्हणतो. सकाळी बरं वाटलं, दुपारनंतर काळजी वाटायला लागली.

ड्रम काढले. चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्या स्टबला मागच्या अंगाला एक हात जोडलेला असतो, स्टिअरिंग आर्म. दोन चाकांचे दोन आर्म आणि त्यांना बांधणारा आडवा टायरॉड, म्हणून एक चाक वळलं की दुसरं वळतं. डिस्कवर पकड घेणारा कॅलिपर ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी आर्मच्याच बोल्टांवर येते. त्यामुळे किटबरोबर त्यांनी नवे आर्मही दिलेत. एका खोक्यावर इंग्रजीत ड्रायव्हर साइड छापलंय, दुसऱ्यावर पॅसेंजर साइड. मी खडूने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड. सोनबा खूश झाला.

तरी मी अंदाधुंद काम करणारा नव्हे. खोकं उघडून पाहिलं. ड्रायव्हर साइडच्या आर्मला दोन भोकं, एक टायरॉडसाठी आणि एक स्टिअरिंगकडून येणाऱ्या दांड्यासाठी. आपल्या ट्रकलाही ड्रायव्हरकडच्याच आर्मला दोन भोकं. म्हणजे जुळलं.

एक गोष्ट मात्र खटकली. टायरॉडच्या टोकाची खुंटी निमुळती असते आणि आर्मचं भोकही तसंच निमुळतं. जुनी खुंटी खालून वर बसत होती. नव्या आर्मचं भोक वरच्या तोंडाला रुंद, म्हणजे खुंटी वरून खाली घालावी लागणार. आर्मचा बाकही खाली जायच्या ऐवजी वर गेलेला. सोनबा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "अमेरिकन पद्धत असेल. वरून घाल." तो म्हणाला, "बराबर हाय साहेब."

मामा ओट्यावर बसून देखरेख करत होते. बसण्याचा थाट पाटलाचा. उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून डाव्यावर ठेवणार आणि मग आमच्याकडे बघणार. मध्येच उठून अंगणात आले, तर उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली. "पाव्हणं, तेवढी चप्पल द्या की." सोनबाच्या देखत! दिली.

२३ जानेवारी, गुरुवार

ब्रेक लागत नाही. लागतो, पण उशीवर पाय ठेवल्यासारखा पेडल आत आत जातो. नळीत हवा राहिली की असं होतं. ती काढायची रीत सोपी आहे. एकाने केबिनमध्ये बसून पेडल दाबायचा आणि "दाबला" म्हणून ओरडायचं. दुसऱ्याने चाकापाशी कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, ढिलं करायचं, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. मग निपल आवळायचं, मग पुन्हा. दिवसभर सोनबा "दाबला" ओरडत होता आणि मी आवळत होतो. डबाभर तेल गेलं, पेडल होता तिथेच.

संध्याकाळी तसाच हळूहळू देहू-आळंदी रस्त्यापर्यंत नेला. रस्त्यात खड्डा आला आणि स्टिअरिंगने माझ्या हाताला असा हिसका दिला की ट्रक आपणहून डावीकडे निघाला. समोर शाळेची बस होती. कशीबशी वाचवली. तिथूनच ट्रक मागे फिरवला.

मामांनी विचारलं, "कसा हाय?"

मी म्हणालो, "सेटिंग चालू आहे."

४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीची बस चाकणच्या चौकात उभी आहे. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी कंटेनर. लिहायला एवढीच काय ती जागा मिळते. घरी लिहायला बसलो की मामी येऊन विचारतात, "हिशोब करताय व्हय?"

काल सायलीला म्हणालो, ट्रक गेला खड्ड्यात, आपण निघू. ती ताथवड्याच्या कॉलेजात गणित शिकवते, तिच्याशी वाद घालता येत नाही. आईबाबांसमोर मला "अहो" म्हणते आणि खोलीत "अरे". खोलीतल्या आवाजात म्हणाली, "तू बाबांना शब्द दिलायस ना?" मी म्हटलं, "शब्द दिला तेव्हा मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "काय माहीत नव्हतं?"  मला ब्रेकमधलं कळत नाही हे बायकोला सांगू?

या घरात श्वास कोंडतो. सगळे चांगले वागतात, ताटात दोन भाकरी जास्त पडतात, आणि तरी असं वाटतं की मला कुणीतरी बाटलीत घालून बूच लावलंय. त्या नळीतल्या हवेची आणि माझी गत एकच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज नवीनच प्रकार लक्षात आला. महिन्याभरापासून दर गुरुवारी सकाळी लवकर, ट्रकखाली शिरण्याआधी, मामा-मामींना मी त्यांच्या गाडीने पिंपरीला नेतो. मामा हल्ली स्वतः गाडी चालवत नाहीत, म्हणतात रहदारीचा कंटाळा येतो. कॅम्पातल्या बाजारात पोचलो की मला म्हणतात, "पाव्हणं, तुमी इथं च्या घ्या, आमी येतो जाऊन," आणि दोघं रिक्षात बसून कुठंतरी जातात. तासाभराने परत. हातात एक पिशवी नाही. खरेदीला गेले म्हणावं तर खरेदी कुठे? मामी परतताना खिडकीबाहेर बघत बसतात.

वकील असणार, दुसरं काय. चिखलीतली उरलेली जमीन रणजीतच्या नावे करायची चाललीय आणि सायलीच्या नवऱ्याला सुगावा लागू नये म्हणून त्याला चहाच्या टपरीवर बसवतात. मला यांच्या जमिनीचा तुकडाही नको. पण माझ्यापासून लपवतात याचा राग येतो.

सायलीला विचारलं, "पिंपरीत आहे कोण यांचं?" ती म्हणाली, "नात्यातलं असेल कुणी," आणि दूध उतू गेलं म्हणून आत पळाली. गॅसवर दूध नव्हतंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी महामूर्ख आहे.

सकाळी चहा पिताना सायलीने मोबाइल पुढे केला. अमेरिकेतला कुणीतरी म्हातारा आमच्या ट्रकसारखाच ट्रक चालवत होता. म्हणाली, "बघ ना, हा क्लीनरच्या जागी बसून चालवतोय."

मी म्हणालो, "अगं, तिकडे स्टिअरिंग डावीकडेच असतं."

"हो का?" ती म्हणाली. "मग त्यांच्या खोक्यावरची ड्रायव्हर साइड कुठली रे?" आणि डबा भरायला उठून गेली.

माझा चहा तसाच राहिला. बस चुकली.

त्यांची ड्रायव्हर साइड म्हणजे डावी, आपली उजवी. मी डाव्या चाकाचं सगळं सामान उजवीकडे बसवलं आणि उजव्याचं डावीकडे. म्हणून आर्म उलटे बसले, बाक वर गेला, खुंटी वरून घालावी लागली. टायरॉड नको त्या उंचीवर गेला, म्हणून खड्ड्यात चाक वर उचललं की स्टिअरिंग हिसका देतं. कॅलिपरही उलटे. हवा नेहमी वर जाऊन बसते आणि निपल मी खाली ठेवलंय. जन्मभर "दाबला, दाबला" केलं असतं तरी ती बाहेर आली नसती.

सायलीला नुसतं सहज सुचलं. नशीब माझं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं उसकटलं. कॅलिपर ज्याच्या त्याच्या बाजूला गेले, निपलं वर आली, तासाभरात पेडल दगडासारखा घट्ट झाला. सोनबा आनंदाने नाचायचा बाकी होता.

पण आर्मचं दुखणं निराळं निघालं. अमेरिकन आर्म आता बरोबर बाजूंना आले, तर दोन भोकांचा आर्म डावीकडे गेला. तिकडे स्टिअरिंगचा दांडा येतच नाही. आणि उजवीकडे जिथे दांडा येतो तिथे भोक एकच. म्हणजे ते आर्म आपल्या ट्रकला कुठल्याच बाजूला उपयोगाचे नाहीत. दुसऱ्या गाडीचे मागवावेत तर त्यांची लांबी, बाक, भोकाचा निमुळतेपणा, काहीच जुळण्याची खात्री नाही. या तिन्ही गोष्टी एकमेकांना धरून असतात, त्यातली एक चुकली तर गाडी खुंटी मोडून कुठेही जाईल. ट्रकचेच जुने आर्म हवेत.

ते मी भंगारात टाकायला सांगितले होते. मामींनी एक गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला होता. दुसरा मामांच्या खाटेखाली, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला.

मामांना मी सांगितलं, "अमेरिकन माल आपल्या रस्त्यांना झेपत नाही."

ते म्हणाले, "आसंल. तुमची कायतरी पद्धत आसंल म्हनून म्या गप ऱ्हायलो."  खाली वाकून फडकं उचलायला गेले आणि तोल जाऊन खाटेवर बसले. मला म्हणाले, "घ्या तुमीच."

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं! जमलं!

जुने आर्म, जुना टायरॉड, जुन्याच खुंट्या. फक्त नवीन पट्टीचे बोल्ट जाड, म्हणून आर्मची भोकं भोसरीच्या लेथवर मापात मोठी करून आणली. पट्टीच्या जाडीमुळे दोन्ही आर्म किंचित आत सरकले, तेवढा टायरॉड फिरवून आखूड केला. खुंटी खालून वर बसवली, ती हातानेच अशी घट्ट बसली की नट लावण्याआधीच हलेना. चाकांची दिशा दोरी लावून जुळवली, मग मशिनवर तपासून आणली.

त्याच खड्ड्यात मुद्दाम घातला. स्टिअरिंग जागचं हललं नाही. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर ट्रक नाक खाली करून सरळ रेषेत थांबला. पाय जेमतेम टेकवला होता. केबिनमध्ये एकटाच होतो, मोठ्याने ओरडलो. मला खरंच काहीतरी जमतं, हे बऱ्याच वर्षांनी वाटलं. त्यापेक्षाही आनंद हा की आता मोकळा झालो.

सायलीला सांगितलं, पाडव्याला रावेतला जायचं. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मामांनी आज ट्रक घेतला. पांढरा शर्ट, टोपी, मामींनी ओवाळलं. आळीच्या टोकापर्यंत गेले आणि थांबायच्या जागी थांबलेच नाहीत. सावकाश जाऊन उकिरड्याला नाक लावलं. नुकसान काही नाही.

खाली उतरले ते घामाघूम. "पाव्हणं, ब्रेक लागत न्हाई."

मी बसलो. दाबला, कचकन लागला. पुन्हा दाबला, लागला. सोनबाने दाबला, लागला.

"लागतोय मामा."

"न्हाई वो. मऊ हाय. हवा हाय अजून."

सोनबा म्हणाला, "बराबर हाय मालक." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पान्याच्या पेटीत तोंड घालून बसला.

पुन्हा हवा काढली. एक बुडबुडा आला नाही. काढायला होतीच कुठे?

६ मार्च, गुरुवार

आज मी बोललो. बोलायला नको होतं की हवं होतं, ते कळत नाही.

आज पिंपरीहून आल्यावर पुन्हा तेच. मामा ट्रकात बसले, अंगणातल्या अंगणात पुढे घेतला, ब्रेक लागला नाही, तुळशीच्या कट्ट्याजवळ जाऊन चढावर आपसूक थांबला. "हवा हाय." मी बसून दाबला, दगड. म्हणाले, "तुमच्या कंपनीतला एखादा साहेब आणून दाखवा बरं."

जेवताना माझा ताबा सुटला. म्हणालो, "मामा, ब्रेकमध्ये हवा नाही. तुम्हाला आम्हाला जाऊ द्यायचं नाही, ते सरळ सांगा. रोज नवं खुसपट कशाला?"

मामींच्या हातातली पळी तशीच राहिली. सायलीने मान खाली घातली. मला वाटलं मामा आता पाट भिरकावतील, त्यांचा राग गावाला ठाऊक आहे. ते काही बोललेच नाहीत. अर्धी भाकरी ठेवून हात धुतले. उठताना मामींनी त्यांना दंडाला धरून उठवलं, का तर माझ्यावर रागावले हे मला दिसावं म्हणून.

खोटं बोलणारा माणूस असा गप्प बसतो. आता पाडव्याला काहीही होवो, मी जाणार. सायली येवो न येवो, असंही मनात आलं. तेही लिहून ठेवतो.

१३ मार्च, गुरुवार, होळी

सोनबाला चाकणला कंत्राटात काम मिळालं, तो गेला. मामा म्हणाले, "शेवटची एकदा काढू हवा. म्या बसतो पेडलवर."

मी ठरवून होतो की आज त्यांच्याच तोंडून कबूल करून घ्यायचं. बाटली लावली, चाकापाशी आडवा झालो. ट्रकचं नाक माझ्यावर.

"दाबा मामा."

"दाबला!"

निपल ढिलं केलं. तेलाला जोरच नाही. नुसतं ठिपकलं. मला वाटलं नळी चोंदली. निपल आवळलं. "पुन्हा दाबा."

"दाबला!"

तसंच. म्हणून मी खालून सरकत बाहेर आलो आणि उघड्या दारातून केबिनमध्ये बघितलं.

मामांनी दोन्ही तळवे उजव्या गुडघ्यावर ठेवले होते आणि सगळं अंग वाकवून गुडघा खाली दाबत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पाऊल पेडलवर होतं, पण ते त्यांचं नव्हतंच, नुसतं ठेवलेलं. चप्पल खाली पडली होती. पेडल जरासा हलला आणि पुन्हा वर आला. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. मी त्यांना दिसलो नाही.

मी परत ट्रकखाली गेलो.

"दाबला!" वरून आवाज आला. "येतीया का हवा?"

 तोंडावर तेल ठिपकत होतं ते पुसायचंही सुचलं नाही. वकील, जमीन, पाटलाचा थाट, चप्पल. मी काय काय लिहून ठेवलंय या वहीत. आणि मागच्या गुरुवारी जेवताना त्यांना खोटारडा ठरवलं, त्यांच्या बायकोपुढे, मुलीपुढे.

"पाव्हणं? येतीया का?"

"येतेय मामा," मी म्हणालो. "हवाच आहे."

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कंपनी बंद. सायलीला गच्चीवर नेऊन विचारलं. ती आधी कपडे वाळत घालत राहिली. मग म्हणाली, "कंबरेतली नस दबलीय. उजव्या पायाला वर्दी पोचत नाही. पिंपरीच्या हॉस्पिटलात व्यायाम करवून घेतात. ऑपरेशनला बाबा तयार नाहीत. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलंय."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"बाबांनी आईला शपथ घातली होती. पाव्हण्याला घरातलं दुखणं दाखवायचं नाही म्हणाले. आपल्याकडे जावयाला तसं सांगत नाहीत रे."

"अगं, मी चार वर्षं इथे राहतोय!"

"म्हणून तर," ती म्हणाली.

मी विचारलं, चालवायचं नाही हे माहीत असताना ट्रकचा हा सगळा खटाटोप का केला. तिने हातातला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. म्हणाली, "त्यांना वाटतं ब्रेक जड आहे. हलका झाला की जमेल. गाडीचा ब्रेक त्यांना लागेना तेव्हा म्हणाले गाडीच खराब झाली. आता ट्रक. तू 'ब्रेक बरोबर आहे' म्हणालास की मग पाय गेला असं होतं ना. म्हणून त्या दिवशी ते जेवले नाहीत."

मग तिने मला अमेरिकन म्हाताऱ्याची ती चित्रफीत मुद्दाम का दाखवली, हे मी विचारलं. म्हणाली, "मी कुठे मुद्दाम दाखवली?" आणि बादली उचलून खाली गेली. पाडव्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी इथेच उभारली. रावेतची किल्ली सायलीला दिली, म्हटलं कपाटात टाक, कुणी भाडेकरू मिळाला तर बघू. तिने किल्ली घेतली आणि माझ्या शर्टाच्या कॉलरला कडुनिंबाचं पान चिकटलं होतं ते काढलं. तिचे डोळे भरलेले होते. माझं म्हणावं तर जीव अजूनही कोंडतो. सकाळी मामींनी पुन्हा विचारलं, हिशोब करताय व्हय? मला एकट्याने, माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून चहा प्यायची फार इच्छा आहे. ती गेली नाही.

दुपारी मामांना म्हणालो, "हवा निघायला वेळ लागेल. तोवर मामींना माहेरी मी नेऊन आणतो. तुम्ही रस्ता सांगायला चला."

ते जरा विचार करून म्हणाले, "चालंल. तुमचा पाय तरणा हाय, हवेवर बी चालवाल तुमी."

चढताना पायरीपाशी मी स्टूल ठेवलं आणि टायर बघायला पलीकडे गेलो. ते चढून बसल्यावर परत आलो. मामी मधे बसल्या. खेडपर्यंत मामा प्रत्येक वळणाला सांगत होते, "आता दाबा. हां. आता सोडा." मीही ते सांगतील तेव्हाच दाबत होतो. मामी माहेरच्या दारात उतरल्या तेव्हा तिथल्या बायकांना मामांनी सांगितलं, "ब्रेकचं थोडं काम बाकी हाय, म्हनून पाव्हण्यांनी चालवला."

३ एप्रिल, गुरुवार

पिंपरीहून आलो. आता मीही त्यांच्याबरोबर रिक्षात बसतो. व्यायामाच्या खोलीपर्यंत जातो, आत जात नाही, बाहेर बाकावर बसतो. 

आल्यावर मामा म्हणाले, "काढायची का हवा?"

ते केबिनमध्ये बसले. मी बाटली घेऊन चाकापाशी आडवा झालो. निपलला पाना लावलाच नाही.

"दाबला!" ते ओरडले. आवाजात जोर होता.

"धरून ठेवा," मी म्हणालो. "आता सोडा. पुन्हा."

"दाबला!"

आम्ही हे बराच वेळ केलं. मामी ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. शेवटी मामा दमले आणि म्हणाले, "किती निघाली?"

मी कोरडी बाटली हातात धरून ट्रकखालूनच म्हणालो, "आज बरीच निघाली मामा. थोडी राहिलीय. पुढच्या गुरुवारी काढू."